सिंकासाठी चार तुकडे

पांढुर्णा, ९ नोव्हेंबर २०२५

बाई,

एका सिंकाचा खरा खर्च लिहितो. नागपूरहून आणलेलं स्टीलचं सिंक, अठ्ठावीसशे. ते बसवायला ओटा कापला, सिंक दोन सूत मोठं निघालं म्हणून पुन्हा कापला, तो ओटा गेला. डाव्या अंगठ्याचं नख गेलं. सुशीलाची पुरणाची परात गेली, कारण तिच्यात मी स्क्रू ठेवले होते आणि ती म्हणते आता यात तुम्हीच जेवा. आणि शेवटी ही चिठ्ठी. बाकीचं सगळं एका दिवसात झालं. चिठ्ठीला दीड वर्ष लागलं.

पायाला हात लावला असं तू समज. तू पाय मागे घेतलास असं मी समजतो. माझ्या वैभवच्या लग्नापासून तू भावाशी बोलत नाहीस, फोन घेत नाहीस. सौंसरला आलो की शेजारीण दारात येऊन सांगते, बाई घरी नाही. आणि आतून तुझा खोकला ऐकू येतो. माझे कान कसे आहेत तुला ठाऊक आहे. पत्र्यावर टिचकी मारून मी गेज, म्हणजे जाडी, सांगतो, बहिणीचा खोकला मला ओळखू येणार नाही का?

तेव्हा भांडणाचं राहू दे, कामाचं विचारतो. कामाचं विचारलं तर तू दुश्मनालाही सांगतेस.

मी एक मोटारहोम बांधून राहिलो. म्हणजे चालती खोली समज. जुनी सव्वीस सिटांची बस घेतली, सिटा काढल्या, आत पलंग, ओटा, गॅस, संडास, पाण्याची टाकी. नागपूरच्या एका डॉक्टरचं काम आहे. त्यांना कन्याकुमारीला जायचं, तिथून उलटं काश्मीर. मी त्यांना म्हटलं, डॉक्टरसाहेब, आठ हजार किलोमीटर हाणा, गुणवंतानं बांधलेल्या गाडीचा स्क्रू ढिला झाला तर मिशा उतरवीन.

पण सिंक फसलं. पातळ पत्रा होता. अंगणात इंजिन चालू केलं तर ते असं वाजलं की शेजारचा पंक्चरवाला वरात आली म्हणून बाहेर आला. आता सिंक कशाचं करावं? चाळीस वर्षं लोकांच्या लग्नाच्या पंगती तू रांधल्यास. सौंसर तहसिलीत तुझ्यापेक्षा जास्त भांडी कोणी घासली असतील तर मला त्याचं नाव सांग.

हेमराज कंडक्टरच्या हाती चार तुकडे पाठवून राहिलो, तळहाताएवढे. एक नंबर, जाड स्टील. दोन नंबर, तांबं. मोठ्या घरांत आजकाल तेच लावतात, फोटोत फार छान दिसते. तीन नंबर, फायबर. हलकं, पाहिजे तो रंग. चार नंबर काळा. दगडाचा भुगा आणि राळ मिळवून ओततात, दिसायला शाळिग्रामासारखा. दुकानदार म्हणाला, शंभर वर्षं काही होत नाही. त्याचं दुकान चार वर्षांचं आहे.

कोणता ठेवू तेवढं सांग. लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

गुणवंता


पांढुर्णा, २३ नोव्हेंबर २०२५

बाई,

तीन नंबरचा तुकडा परत आला. मधोमध तव्याचं गोल उमटलं आहे, एका बाजूनं फोड आला आहे, आणि वास अजून जात नाही. हेमराजनं तो पेपरात गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला होता. पोळी करपली म्हणून अर्ध्या बसनं नाक धरलं म्हणे.

मी विचारलं, "काही बोलली?"

"नाही ना भाऊ. चुलीवरून तवा उचलला, याच्यावर ठेवला, मले बस म्हणाल्या, चहा देला. चहा होईस्तोवर हे असं झालं. मंग म्हणे, ने."

"रागात होती?"

"रागात असत्या तर चहात अद्रक टाकलं असतं का?"

अद्रक टाकलं, हे मी दोनदा विचारून घेतलं.

तू बरोबर केलंस. फायबरवाला मला सांगत होता, गरम भांडं तेवढं ठेवू नका. आता कोणती बाई तवा थंड व्हायची वाट पाहत उभी राहते? तीन नंबर बाद.

डॉक्टरांना कळवलं. त्यांनाही पटलं. त्यांचं असं आहे बाई, त्यांना एक मोठी बहीण आहे. आईच्या मागे तिनंच वाढवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात रांधलं, लेकराबाळांच्या पाठवण्या पाहिल्या, पण स्वतः छिंदवाड्याच्या पुढं काही पाहिलं नाही. तिला समुद्र दाखवायचा म्हणतात. ती येते की नाही हे डॉक्टरांना ठाऊक नाही. विचारायची हिंमत होत नाही म्हणून त्यांनी आधी गाडी बांधायला काढली. शिकलेले लोकही असे असतात.

बाकी तीन तुकडे सावकाश पाठव.

गुणवंता


पांढुर्णा, १४ डिसेंबर २०२५

बाई,

दोन आणि चार एकदमच आले.

तांब्यावर तू अंबाडीची भाजी ठेवलीस, हे मला वासावरून कळलं, डागावरून सुशीलाला कळलं. हिरवं, काळं, मधे एक गुलाबी ठिपका. सुशीला म्हणाली, "याच्यापेक्षा तुमचं बनियान साफ असते." आपल्याकडे कढी, ताक, चिंच, अंबाडी, संत्र्याची सालं, सगळं आंबटच. रोज कोण घासत बसेल? तांबं देवघरात बरं.

शाळिग्राम मात्र दोन तुकडे होऊन आला. मी हेमराजला म्हटलं, "हे बसमध्ये फुटलं का?"

"बसमधी नाही. त्याईनं वरवंटा सोडला वरून. म्हणे, भरली कढई हातातून सुटते तव्हा अशीच सुटते. एकदाच सोडला, भाऊ. दुसऱ्यांदा सोडायची गरजच नाही पडली."

दुकानदाराला मी तुकडे नेऊन दाखवले. तो म्हणाला, असं कोणी मुद्दाम टाकते का? मी म्हटलं, माझी बहीण टाकते.

आणि एक नंबर, स्टील, आलं नाही. आपली सून दामिनी शनिवारी तुझ्याकडे येऊन गेली. मी पाठवली नव्हती, ती आपल्या मनानं गेली. तिनं सांगितलं, तू तिला झुणका-भाकर खाऊ घातलीस, नवऱ्याचं, माहेरचं सगळं विचारलंस, सासऱ्याचं नाव निघालं की चुलीत फुंकायला लागलीस. पण दह्याच्या गाडग्यावर झाकण म्हणून तो स्टीलचा तुकडा होता. चारी कोपरे कानशीनं गोल केलेले. बाई, तो तुकडा तू ठेवून घेतलास.

म्हणून आता खरं लिहितो. डॉक्टर वगैरे कोणी नाही. गाडी माझी आहे. बहीण तू आहेस. हे तुला दुसऱ्या चिठ्ठीतच कळलं असणार, तरी लिहितो, म्हणजे मी लिहिलं असं होईल.

लग्नाचं म्हणशील तर त्यात माझं काही वाईट मन नव्हतं. तू नवरदेवाची आत्या. जन्मभर भट्टीपाशी उभी राहिलीस, एक दिवस तरी मानाच्या खुर्चीवर बसावं, लोकांनी तुला वाढावं, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून नागपूरचा केटरर केला. तू तो अपमान समजलीस. असो. थोरल्यांचं चुकत नाही.

सिंक आता पक्कं. सोळा गेजचं स्टील, चुंबक चिकटत नाही असं, मी स्वतः वाकवलं, स्वतः जोडलं. खालून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं, आवाज मेला. वरून लोटाभर पाणी ओतलं तर नुसतं पाणी ओतल्यासारखं वाटते, आणखी काही नाही. ओटा चौतीस इंच उंच, नव्या घरांत असतो तसा. फोटो काढून आणला, सोबत आहे. पाहून सांग.

गुणवंता


पांढुर्णा, २८ डिसेंबर २०२५

बाई,

फोटो परत आला. मागे काही लिहिलेलं नाही. पण या वेळी हेमराज बसमधून उतरताना हसत होता, म्हणून मी त्याला वर्कशॉपमध्ये आणून बसवलं.

"काय म्हणाली?"

"सांगू का?"

"सांगण्यासाठीच तर तुले भजे मागवले."

"फोटो पाह्यला. आडवा पाह्यला, उभा पाह्यला. मंग म्हणे, गुणवंताले सांग, उभ्यानं घोडं झोपते. मी उभ्यानं भांडे घासत नाही."

मी हसलो. मग मला हसू येईना.

बाई, मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून तुझ्यासमोर बसलो आहे. तू पाटावर, कढई दोन पायांच्या मधे तिरपी टेकवलेली, डाव्या हातानं फिरवायची, उजव्या हातात राख आणि काथ्या. मी समोरून पाणी घालायचो. पाणी जास्त झालं की तू काथ्याचे शिंतोडे तोंडावर मारायची. लग्नाच्या कढया कोणी ओट्यावर घासते का? अर्ध्या कढया तर त्या सिंकात मावत नाहीत. मी दोन महिने नागपूर-बोरगाव फिरलो, स्टील का तांबं, फायबर का दगड, सगळ्यांना विचारलं. घासणारी बसते कशी, हे मला माहीत असून मी एकदाही आठवलं नाही. ओटा घ्यायला गेलो तर दुकानातल्या लोकांनी चौतीस इंच सांगितलं आणि मी हो म्हटलं, कारण त्यांच्या घरी तसाच असतो.

लग्नातही हेच केलं. मागच्या चिठ्ठीत जे लिहिलं ते अर्धंच खरं आहे. उरलेलं लिहितो.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी व्याह्यांच्या घरी बसलो होतो. चहा आला. आत बायका बोलत होत्या, दोन खोल्या पलीकडे. दुसऱ्याला ऐकू आलं नसतं. एक म्हणाली, "नवरदेवाची आत्या म्हणे लोकाइच्या लग्नात रांधाले जाते." दुसरी म्हणाली, "मंग आपल्या लग्नात आहेर घेईन का मजुरी?" आणि दोघी हसल्या. वाईट मनानं नव्हत्या हसत. बायका हसतात तशा हसल्या.

मी कप खाली ठेवला आणि तिथूनच नागपूरच्या केटररला फोन लावला. मोठ्यानं बोललो, आत ऐकू जाईल असा. पनीर सांगितलं, चायनीजचा स्टॉल सांगितला, टोपीवाले वाढपी सांगितले. तुला काहीच सांगितलं नाही. तू लग्नाच्या आदल्या दिवशी तीन कढया, झारे आणि बुंदीचं बेसन घेऊन टेम्पोनं दारात आलीस आणि मी टेम्पो दारातूनच फिरवला. वर तुला म्हटलं, बाई, आता तू मानाची. दिवसभर तू खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलीस. जेवली नाहीस, हे मला दुसऱ्या दिवशी हेमराजनं सांगितलं, कारण तू त्याच्याच बसनं गेलीस आणि बसमध्ये शेंगदाणे खाल्लेस.

लोकांना मी सांगतो, गुणवंता स्वतःच्या हातानं वर आला. माझी पहिली वेल्डिंग मशीन तुझ्या तीन लगनसराईंतून आली. तेव्हा मला रांधणाऱ्या बहिणीची लाज वाटली नाही. पोट भरल्यावर वाटली.

बस. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

ओटा काल काढला. सिंकही काढलं. सुशीला म्हणाली, "आता नवीन काय?" मी म्हटलं, "मोरी." ती म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी मले विचारलं असतं तर परात वाचली असती."

गुणवंता


पांढुर्णा, १८ जानेवारी २०२६

बाई,

निरोप मिळाला. हेमराजनं तो बोटांवर मोजून सांगितला म्हणून मीही तसाच लिहितो, म्हणजे चूक असेल तर कळव. एकोणीस फेब्रुवारी, रामाकोना, चारशे पान. मुलगी दामिनीच्या काकांची, म्हणजे व्याह्यांचं सगळं घर येणार. गाडी तुझ्या दारात सकाळी पाचला. गाडीत तू, तुझ्या दोन बाया आणि मी. तू रांधणार. मी घासणार.

सुशीलाला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, फोटो काढले तर चालतील का?

मोरी झाली. मागच्या दाराशी, सगळ्यात खाली. तेच स्टील. चार फूट लांब, अडीच रुंद, काठ फक्त चार इंच, तिन्ही कढया बसतात. पाट ठेवायला जागा आहे. दार उघडलं की घासणाऱ्याला समोर रस्ता दिसतो.

आणि रस्त्यावरच्यांना घासणारा दिसतो. हे मला बांधून झाल्यावर लक्षात आलं.

येतो.

गुणवंता


पांढुर्णा, २२ फेब्रुवारी २०२६

बाई,

परवा तू म्हणालीस, फोनवर तू आपलंच बोलत राहतो, चिठ्ठीच पाठवत जा, ती मधेच ठेवून देता येते. म्हणून चिठ्ठी.

हात अजून ठीक नाहीत. राखेनं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. सुशीला तूप लावते आणि हसते. तुझे हात चाळीस वर्षं असेच होते का? मी कधी पाहिले नाहीत. म्हणजे पाहिले, पण हात म्हणून नाही पाहिले.

गुरुवारचं मी पुन्हा लिहितो, कारण तू भट्टीकडे होतीस आणि तुला सगळं ऐकू गेलं नसेल. पहिली कढई वांग्याच्या भाजीची आली. मी पँट दुमडून पाटावर बसलो. बसताना गुडघा असा वाजला की तुझी एक बाई म्हणाली, "भाऊ, दार लागलं का?" समोर मांडव. हळूहळू लोक जमले. पांढुर्ण्याचा गाड्यांची बॉडी बांधणारा कढई घासून राहिला, हे पाहायला पंगत सोडून दोन जण आले. वैभव आधी लांब उभा होता. मग दामिनीनं त्याच्या हातात बादली दिली.

व्याही आले. पांढरे कपडे, फेटा. 

"गुणवंतराव, हे काय? माणसं नव्हती का?"

मी म्हटलं, "माणूसच आहे मी."

"तसं नाही हो, लोक पाहतात."

"पाहू द्या. माझ्या मोठ्या बहिणीची कढई आहे. तिनं आजवर माझी सगळी घासली, मी तिची आज पहिली घासून राहिलो."

त्यांनी फेटा सावरला. मग म्हणाले, "वांगं फार छान झालं. आमच्या घरच्या विचारत होत्या, मसाल्यात काय आहे." मी म्हटलं, "त्यांनाच विचारायला सांगा, तिकडं भट्टीपाशी आहे ती." आणि त्या हसणाऱ्या दोघी खरंच गेल्या. आवाजावरून ओळखल्या मी. तू त्यांना मसाला सांगितलास की नाही मला माहीत नाही, पण त्या परत आल्या तेव्हा दोघींच्या डोक्यावर पदर होता आणि हातात एकेक झारा होता. बुंदीला बसवलंस ना त्यांना?

आणि मग तू आलीस. कमरेवर हात ठेवून माझ्यामागं उभी राहिलीस. पावणेदोन वर्षं झाली होती. मी मान वर केली नाही. मला वाटलं आता काय बोलते, रडते की काय, मी काय करू. तू वाकलीस, कढई उलटी केलीस, नखानं खरवडलंस आणि म्हणालीस, "बूड राह्यलं."

मी बूड घासलं. तू पुन्हा पाहिलंस. "हूं," म्हणालीस. मग पाट ओढून समोर बसलीस आणि लोट्यानं पाणी घालायला लागलीस. मला तेव्हा पाणी जास्त झालं असं वाटलं, पण काथ्याचे शिंतोडे तुझ्या तोंडावर मारायची माझी हिंमत झाली नाही. तूच मारलेस.

त्या दिवशी तू जेवलीस. मी मोजलं नाही, पण तीनदा भात घेतलास.

आता कामाचं. गाडी तू तुझ्या अंगणातच ठेवून घेतलीस, चावी कनवटीला लावलीस, ते ठीक आहे. गाडी तुझीच आहे. पण हेमराज सांगत होता की पलंगावर तू बेसनाची पोती ठेवली आहेत आणि संडासात झारे टांगले आहेत. समुद्राचं विचारलं तर त्याला म्हणालीस, समुद्र कुठं पळून जाते, आखाजीच्या सणापर्यंत नऊ लग्नं आहेत. मोहगावचं लग्न कधी आहे ते कळव, मी आदल्या दिवशी येतो. स्वतःचा पाट आणीन, तुझा लहान पडतो.

सुशीला समुद्राला येते म्हणते. दामिनी पण. मी नकाशा विकत आणला होता, तो वर्कशॉपच्या भिंतीवर लावला आहे. लोक येतात, बोट ठेवून विचारतात, कुठवर गेली गाडी.

काल दुपारी तू झोपली होतीस तेव्हा मी येऊन गेलो. उठवलं नाही. मीटर पाहिला. पांढुर्णा ते सौंसर, सौंसर ते रामाकोना, आणि परत सौंसर. एकसष्ट किलोमीटर झाले. मागच्या दाराचा एक स्क्रू ढिला झाला आहे. मिशांचं काय करू?

गुणवंता